गर्भाची नाळ : भीति कोठें आणि धोका कोठें

अमक्या गांवीं आपली नाळ पुरली आहे असें मराठी माणूस म्हणतो, तेव्हां तो त्या मातीशीं असलेलें आपलें जन्माचें नातें सांगत असतो. पूर्वीं बाळंतपणें घरींच होत, आणि वार व नाळ घराच्या आवारांत खड्डा करून पुरीत. त्यावरून ही बोलण्याची रीत पडली. आतां शहरांतील बाळंतपणें इस्पितळांत होतात, नाळ पुरण्याचा प्रसंग कोणावर येत नाहीं, आणि ती दिसते तरी कशी हें घरांतल्या बहुतेकांना ठाऊक नसतें. नाळेविषयींची धास्ती मात्र गेलेली नाहीं. आठव्या-नवव्या महिन्यांत सोनोग्राफीचा कागद घरीं येतो. बाळाच्या मानेभोंवतीं नाळेचा एक वेढा दिसत आहे, अशा अर्थाची एक ओळ त्यांत असते. आणि त्या दिवसापासून घराची झोंप उडते. सासूबाई देवाला नारळ बोलतात, यजमान शस्त्रक्रियेची तारीख मागण्यासाठीं डॉक्टरांचा उंबरठा झिजवूं लागतात, आणि जिच्या पोटांत तें बाळ आहे ती बिचारी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळण्यासही भिते.

हीच मंडळी पुढें बाळ घरीं आल्यावर त्याच्या ओल्या बेंबीवर हळद-तेलाचा बोट निःशंकपणें लावतात. नाळेच्या बाबतींत चिंता कोठें करावी आणि कोठें करूं नये, याची अशी उलटापालट सुशिक्षित घरांतही पाहावयास मिळते. ती कां झाली हें कळण्यासाठीं नाळेची घडण प्रथम समजून घेतली पाहिजे.

पूर्ण दिवसांच्या बाळाची नाळ साधारणपणें ५० ते ६० सेंटिमीटर, म्हणजे सव्वा हाताच्या आसपास लांब असते. जाडी एक ते दोन सेंटिमीटर. तिचें एक टोंक बाळाच्या बेंबीशीं आणि दुसरें वारेशीं जोडलेलें असतें. आंत तीन रक्तवाहिन्या असतात : दोन रोहिणी आणि एक नीला. इतर शरीरांत रोहिणींतून शुद्ध रक्त वाहतें आणि नीलांतून अशुद्ध. येथें तो क्रम उलटा आहे. वारेंत आईच्या रक्तापासून प्राणवायु व अन्नरस घेऊन शुद्ध झालेलें रक्त नीलेवाटे बाळाकडे येतें, आणि बाळानें वापरलेलें रक्त दोन रोहिणींवाटे वारेकडे परत जातें. आईचें आणि बाळाचें रक्त प्रत्यक्ष एकमेकांत मिसळत नाहीं. वारेच्या पातळ पडद्याआडून देवघेव चालते.

या तीन वाहिन्या उघड्या सोडलेल्या नाहींत. त्यांच्याभोंवतीं एक चिकट, लवचीक, खळीसारखा गर असतो. टॉमस व्हार्टन नांवाच्या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानें १६५६ सालच्या आपल्या ग्रंथांत त्याचें वर्णन केलें, म्हणून तो त्याच्याच नांवानें ओळखला जातो. शिवाय सबंध नाळेला सुंभाच्या दोरासारखा पीळ असतो. गर आणि पीळ या दोहोंमुळें नाळ वांकली, मुडपली किंवा बाळाच्या मुठींत सांपडली तरी आंतील वाहिन्या सहसा चेपल्या जात नाहींत. नाळेंत वेदना कळविणारे मज्जातंतु नाहींत. ती कापतांना आईला दुखत नाहीं आणि बाळालाही दुखत नाहीं.

आतां त्या वेढ्याकडे वळतां येईल. गळ्याभोंवतीं वेढा म्हटला कीं डोळ्यांपुढें फांस उभा राहतो, आणि फांसानें जीव गुदमरतो हें सर्वांना ठाऊक आहे. परंतु पोटांतलें बाळ श्वासावर जगतच नाहीं. त्याच्या फुप्फुसांत हवा नसते, पाणी असतें. प्राणवायु त्याला नाकावाटे मिळत नसून बेंबीवाटे मिळतो. त्यामुळें नाळ गळ्याभोंवतीं आहे, खांद्यावरून गेली आहे, कीं पायांशीं सैल पडली आहे, एवढ्यानें त्याचें गुदमरणें ठरत नाहीं. नाळेच्या आंतून रक्त मोकळें वाहतें आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न असतो. आणि वेढा सैल असेल तर तें मोकळें वाहतें.

शिवाय ही गोष्ट दुर्मिळही नाहीं. दिवस भरून जन्मणाऱ्या शंभर मुलांपैकीं वीस ते तीस मुलांच्या गळ्यांत जन्मतांना नाळेचा वेढा आढळतो, आणि त्यांतील बहुतेक सर्व मुलें ठणठणीत असतात. बाळ पाण्यांत कोलांट्या घेत असतें; त्यांत वेढा बसतो, आणि पुष्कळदां तो त्याच खेळांत सुटतोही. आज सोनोग्राफींत दिसलेला वेढा पंधरा दिवसांनीं नसेल, आणि आज न दिसलेला प्रसूतीच्या दिवशीं असेल. डोकें बाहेर आलें कीं डॉक्टर किंवा परिचारिका मानेशीं बोट घालून पाहते, आणि वेढा सांपडला तर गळ्यांतली माळ काढावी तसा डोक्यावरून काढून टाकते. केवळ वेढा दिसला एवढ्याच कारणासाठीं सिझेरियन करावें असें प्रसूतिशास्त्र सांगत नाहीं. गरोदर बाईनें हात उंच करून वलणीवर लुगडीं वाळत घातलीं म्हणून नाळ गुंडाळली, ही समजूतही निराधार आहे. आईच्या हातांचा आणि गर्भाशयांतील नाळेचा असा कांहीं संबंध नाहीं. तमिळ मुलखांत तर नाळ गुंडाळून आलेलें मूल मामाला वाईट मानतात, आणि मामानें त्याचें तोंड पहिल्यानें तेलांतल्या प्रतिबिंबांत पाहावें असा उपाय योजतात. नाळेच्या एका वेढ्यावरून मामापर्यंत पोंचलेली ही कल्पनाशक्ति कौतुकाची खरी. मामाचा मात्र त्यांत कांहीं अपराध नाहीं.

याचा अर्थ वेढा केव्हांच त्रास देत नाहीं असा नव्हे. नाळ मुळांतच आंखूड असेल, वेढे दोन-तीन असतील, किंवा ते घट्ट असतील, तर बाळ खालीं सरकतांना नाळ ताणली व दाबली जाऊं शकते. पण हें सोनोग्राफीच्या चित्रावरून आधीं नीट ठरवितां येत नाहीं; तें सांगतात बाळाच्या हृदयाचे ठोके. गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकूं येतात हा शोधही गंमतीनेंच लागला. पॅरिस येथील केरगाराडेक नांवाच्या वैद्यानें १८२१ सालीं एका गरोदर स्त्रीच्या पोटावर श्रवणनळी ठेविली, ती आंतल्या पाण्याची खळखळ ऐकूं येते कीं काय हें पाहण्यासाठीं. त्याला ऐकूं आली ती घड्याळासारखी जलद टिकटिक. पुढें १९५८ सालीं एडवर्ड हॉन या अमेरिकन प्रसूतितज्ज्ञानें ते ठोके विद्युत्‌यंत्रानें सतत नोंदण्याची पद्धति पुढें आणिली, आणि नाळ दाबली गेली म्हणजे ठोके एकदम उतरून पुन्हा वर कसे येतात याचा आलेखच डॉक्टरांच्या हातीं आला. निरोगी गर्भाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असतात. वेणा चालू असतांना ते वारंवार व खोल उतरूं लागले तर निर्णय घ्यावा लागतो, मग वेढा दिसलेला असो वा नसो.

घरच्या घरीं आईजवळ असलेलें साधन म्हणजे बाळाची हालचाल. सातवा महिना उलटल्यावर प्रत्येक बाळाची हालचालीची एक तऱ्हा ठरून जाते आणि आईला ती पुरी ठाऊक असते. ती हालचाल स्पष्टपणें मंदावली किंवा थांबली, तर त्याच दिवशीं, रात्र असेल तर रात्रीं, इस्पितळांत जाऊन ठोके तपासून घ्यावेत. दिवस भरत आले म्हणजे बाळाला जागा अपुरी पडते व म्हणून तें कमी हालतें, असें सांगून वडीलधाऱ्या बायका कित्येकदां सुनेला थांबवून ठेवतात. हालचालीचा प्रकार बदलतो हें खरें. बाळ हालेनासें होतें हें खरें नव्हे.

नाळेला खरी गांठही बसते, सुमारें शंभर प्रसूतींत एकदां. बाळ लहान असून पाण्यांत मोकळें फिरत असतें तेव्हां तें नाळेच्या फेऱ्यांतून आरपार जातें आणि गांठ तयार होते. गर असल्यामुळें ती बहुधा सैल राहते, आणि जन्मानंतर ती पाहून सर्वांना आश्चर्य वाटतें एवढेंच. क्वचित् ती आवळली जाऊन घात होतो. कांहीं नाळांत दोनऐवजीं एकच रोहिणी असते. ही गोष्ट दर शें-दोनशें गर्भांत एकदां आढळते. तीबरोबर हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा दोष नाहीं ना, हें तज्ज्ञांकडून पाहून घेतात, आणि दुसरा कांहीं दोष न सांपडल्यास बाळ बहुतेक निकोप असतें.

सोनोग्राफीच्या कागदावरील एक ओळ मात्र खरोखर झोंप उडविण्यासारखी असते, आणि दुर्दैवानें तिचा अर्थ घरांत कोणाला कळत नाहीं. नाळ सामान्यतः वारेच्या मध्याशीं जोडलेली असते. शंभरांतून एखादे वेळीं ती वारेच्या कांठापलीकडे, पाणमोटेच्या पातळ पडद्यांत जोडलेली असते, आणि तेथून वारेपर्यंत रक्तवाहिन्या गराच्या आवरणाशिवाय उघड्याच जातात. या उघड्या वाहिन्या नेमक्या गर्भाशयाच्या मुखावरून गेल्या असतील तर पाणमोट फुटतांना त्याही फुटतात. तें रक्त आईचें नसून बाळाचें असतें, आणि बाळाच्या अंगांत रक्त असतें तरी किती! जेमतेम पेलाभर. अशी स्थिति सुमारें अडीच हजार प्रसूतींत एकदां येते. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या १५५ प्रकरणांच्या पाहणींत, ही गोष्ट आधीं कळून सिझेरियन झालेल्या बाळांपैकीं शेंकडा ९७ वांचलीं. आधीं न कळलेल्यांपैकीं शेंकडा ४४ च वांचलीं. वार खालच्या अंगाला असल्याचें पांचव्या महिन्यांत दिसलें असेल, जुळीं असतील किंवा कृत्रिम उपायांनीं गर्भ राहिला असेल, तर रक्तप्रवाह दाखविणारी डॉप्लर तपासणी करून नाळ कोठें जोडली आहे हें पाहण्याविषयीं डॉक्टरांना अवश्य विचारावें. ज्या घरानें गळ्यांतील वेढ्याविषयीं दहा प्रश्न विचारले असतील, त्यानें हा अकरावा विचारण्यास हरकत नाहीं.

दुसरा खरा धोका म्हणजे नाळ खालीं घसरणें. हजार प्रसूतींत एक ते सहा वेळां हा प्रसंग येतो, आणि येतो तो अकस्मात्. एरवीं बाळाचें डोकें कटिराच्या मुखांत बूच बसावें तसें घट्ट बसलेलें असतें, त्यामुळें पाणमोट फुटली तरी पाण्याबरोबर दुसरें कांहीं खालीं येत नाहीं. परंतु बाळ आडवें किंवा पायाळू असेल, दिवस पुरे भरले नसतील, पाणी प्रमाणाबाहेर असेल, किंवा डोकें अजून वर तरंगत असेल, तर पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ डोक्याच्या पुढें निसटते. मग प्रत्येक वेणेला डोकें तिला कटिराच्या हाडावर दाबतें आणि रक्त अडतें. येथें मिनिटें मोजावी लागतात.

असा प्रसंग घरीं आला, कपड्यांत किंवा हाताला नाळेचा ओला दोर लागला, तर ती ओढूं नये, आंत सारण्याचा प्रयत्न करूं नये, आणि पुनःपुन्हा हातही लावूं नये. हाताळल्यानें आणि गार वारा लागल्यानें तिच्यांतील वाहिन्या आकसतात. स्त्रीला उभी करूं नये, चालवूं नये. तिनें गुडघे व छाती जमिनीला टेकून कंबर उंच राहील अशा रीतीनें ओणवें व्हावें, म्हणजे बाळाचा भार नाळेवरून मागें सरतो. गाडींत तसें राहणें धोक्याचें. तेथें डाव्या कुशीवर निजवून कमरेखालीं उशा द्याव्या. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावतां येते. त्यांना आणि इस्पितळाला नाळ बाहेर आली आहे हे शब्द स्पष्ट सांगावे, म्हणजे तेथें शस्त्रक्रियेची तयारी गाडी पोंचण्याआधींच सुरू होते. तेथें गेल्यावर डॉक्टर किंवा परिचारिका बोटांनीं बाळाचें डोकें वर रेटून धरते आणि तो हात शस्त्रक्रिया होईपर्यंत काढीत नाहीं. नाळेचें स्पंदन लागत नाहीं म्हणून घरच्या माणसांनीं आशा सोडूं नये. ठोके आहेत कीं नाहींत हें इस्पितळांतील यंत्रानें ठरवावयाचें असतें.

डोकें अजून खालीं बसलेलें नाहीं किंवा बाळ आडवें आहे असें ज्या स्त्रीला शेवटच्या तपासणींत सांगितलेलें असेल, तिची पाणमोट फुटली तर वेणांची वाट पाहत घरीं थांबूं नये. स्नान आटोपून घ्यावें, देवाला दिवा लावावा, कोणाला तरी फोन करावा, यांत पाऊण तास सहज जातो.

बाळ जन्मलें कीं नाळेचें काम लगेच संपतें असें नाहीं. आणखी थोडा वेळ तिच्यांत रक्त खेळत असतें, आणि वारेंत उरलेलें रक्त बाळाकडे येत असतें. एक ते तीन मिनिटें थांबून मग नाळ बांधली तर सुमारें ८० ते १०० मिलिलिटर रक्त बाळाला अधिक मिळतें, आणि त्यांतील लोह पुढें कित्येक महिने त्याला पुरतें. फार घाईनें नाळ बांधणें बाळाला अपायकारक आहे असें इरॅस्मस डार्विन या इंग्रज वैद्यानें १८०१ सालींच लिहून ठेविलें होतें. विख्यात चार्लस डार्विनचा हा आजोबा. विसाव्या शतकांतील इस्पितळांना मात्र घाईची संवय लागली, आणि निदान एक मिनिट थांबावें ही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेला करावी लागली. बाळ रडत नसेल व त्याला श्वास द्यावा लागत असेल तर गोष्ट निराळी. अलीकडे नाळेंतील रक्त पेढींत सांठवून ठेवण्याच्या जाहिरातीही शहरी घरांत येतात. तें रक्त ज्या बाळाचें असतें त्यालाच पुढें त्याचा उपयोग होईल ही शक्यता फार थोडी आहे, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें अशा खाजगी सांठवणीची शिफारस केलेली नाहीं. पेढीच्या बाटलीपेक्षां बाळाचें अंग ही त्या रक्ताची अधिक चांगली जागा होय.

नाळ कापण्याचा विधि प्राचीन वैद्यांनीं बारकाईनें लिहून ठेविला आहे. बेंबीपासून आठ अंगुळें मोजून तेथें सुतानें बांधावी, मग छेदावी, आणि त्या सुताचें टोंक बाळाच्या गळ्याला अडकवावें असें सुश्रुत सांगतो. लोंबती नाळ ओढली जाऊं नये हा त्यांतील हेतु असावा. चरकसंहितेंत सोन्याचें, रुप्याचें किंवा लोखंडाचें तीक्ष्ण शस्त्र सांगितलें आहे, आणि नाळ नीट न कापल्यास बेंबीला कोणते विकार जडतात तेंही दिलें आहे. इतकी काळजी ग्रंथांत असूनही प्रत्यक्ष बाळंतखोलींत पुढें जें चालत आलें तें वेगळेंच होतें. हातीं लागेल तो विळा, बांबूची चीप किंवा गंजलेलें पातें, आणि कापलेल्या जागेवर शेण, राख किंवा चुलींतली माती.

नाळ कापल्यावर तिचा बेंबीशीं राहिलेला तुकडा मेलेला असतो. ज्या दोरानें नऊ महिने प्राणवायु आणला त्यांत आतां प्राणवायूचा लेश नसतो, आणि धनुर्वाताच्या जंतूला नेमकी अशीच जागा हवी असते. हा जंतु मातींत आणि जनावरांच्या शेणांत बीजरूपानें वर्षानुवर्षें टिकतो. आर्थर निकोलायर यानें १८८४ सालीं तो मातींत दाखविला आणि कितासातो या जपानी शास्त्रज्ञानें १८८९ सालीं तो शुद्ध स्वरूपांत वेगळा केला. तो नाळेच्या तुकड्यांत वाढतो, त्याचें विष अंगांत भिनतें, आणि पहिले दोन दिवस चांगलें प्यालेलें व रडलेलें बाळ तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हांतरी स्तन धरीनासें होतें. त्याचा जबडा बसतो. आवाज झाला किंवा स्पर्श झाला तरी अंग धनुष्यासारखें ताठतें.

महाराष्ट्रांत पांचव्या दिवशीं पांचवी पुजतात आणि त्या रात्रीं कोणीतरी दिवा जळत ठेवून बाळाशेजारीं जागतें. सहाव्या रात्रीं सटवी येऊन बाळाच्या कपाळीं त्याचें प्राक्तन लिहिते असें मानतात. धनुर्वाताच्या दिवसांशीं या रात्रींचा मेळ बसतो हा योगायोग असेल किंवा नसेलही. पण पहिला आठवडा जिवावरचा असतो हें त्या काळच्या बायकांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें होतें, यांत शंका नाहीं. जागरण पांचव्या रात्रीं होई. घात मात्र पहिल्याच घटकेस, सुईणीनें कोनाड्यांतला विळा उचलला तेव्हां, होऊन गेलेला असे.

हें कांहीं येथलेंच दुर्दैव नव्हे. स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक समुद्रांत सेंट किल्डा नांवाचें एक एकाकी बेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथें जन्मलेल्या मुलांपैकीं निम्म्याहून अधिक मुलें या रोगानें मरत. बेटावर त्याला आठ दिवसांचा आजार असेंच म्हणत, आणि आया बाळंतपणाआधीं मुलाचे कपडे शिवून ठेवीत नसत अशी त्यांची कथा सांगतात. शेवटीं बेटावरचा पाद्री, अँगस फिडीस, ग्लासगोला जाऊन जंतुनाशक पद्धति शिकून आला, आणि १८९० च्या सुमारास त्या पद्धतीनें नाळ हाताळण्यास सुरुवात झाल्यावर तो आजार थांबला. लस तेव्हां निघालीच नव्हती. केवळ स्वच्छतेनें एवढें झालें.

१९८८ सालीं जगांत ७,८७,००० नवजात बालकें धनुर्वातानें मेलीं असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यानंतर दोन उपाय जोडीनें चालले. एक, स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातें, स्वच्छ धागा आणि नाळेवर कांहीं न लावणें, हा पांच स्वच्छतांचा धडा सुईणींना शिकविण्यांत आला. दुसरा, गरोदर स्त्रियांना लस. त्या लशीनें आईच्या रक्तांत जें प्रतिविष तयार होतें तें वारेंतून आणि नाळेंतून बाळाकडे जातें, आणि जन्मानंतरचे पहिले महिने त्याचें रक्षण करतें. म्हणजे बेंबीवर जो शत्रु येणार त्याच्यावरचा उतारा बेंबीच्याच वाटेनें आधीं पोंचलेला असतो. भारतांतून मातांचा व नवजातांचा धनुर्वात हटल्याचें २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. त्याचा अर्थ एवढाच कीं, कोणत्याही जिल्ह्यांत हजार जन्मांमागें एकाहून कमी नवजातांना तो होतो. मातींतील जंतु जेथल्या तेथें आहेत. म्हणून प्रत्येक गरोदरपणांत धनुर्वात व घटसर्प यांची टीडी ही जोडलस चार आठवड्यांच्या अंतरानें दोनदां, आणि आधींच्या तीन वर्षांत दोन्ही मात्रा झाल्या असतील तर एकदां, टोंचून घेतलीच पाहिजे. बाळंतपण मोठ्या इस्पितळांत होणार आहे हें ती टाळण्याचें कारण होऊं शकत नाहीं.

धनुर्वात मागें हटला तरी बेंबी पिकणें उरलेंच आहे. नेपाळांतील सर्लाही जिल्ह्यांत नवजातांच्या नाळेला क्लोरहेक्सिडीन हें जंतुनाशक लावून मोठी पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाला : ज्यांना तें लावलें त्या बाळांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा २४ नीं कमी झालें. तेथें घरोघरीं नाळेला मोहरीचें तेल लावीत. पुढें नाभिमलम या नांवानें तें जंतुनाशक देशभर देण्यांत आलें. परंतु जेथें बाळंतपण स्वच्छ इस्पितळांत होतें आणि बालमृत्यु थोडे आहेत, तेथें कोरडी नाळ हाच सर्वोत्तम उपचार ठरला आहे. कोरडी म्हणजे खरोखरीच कोरडी. हळद नको, तेल नको, भुकटी नको, अंगारा नको. लंगोट बेंबीच्या खालीं दुमडावा, म्हणजे वारा लागतो आणि मूत्रानें ती भिजत नाहीं. नाळ आधीं पिवळट, मग तपकिरी, मग काळी होऊन पांच ते पंधरा दिवसांत आपोआप गळून पडते. ती लोंबते आहे, एका धाग्यावर आली आहे, म्हणून ओढून काढूं नये.

बेंबीभोंवतींची कातडी लाल होऊन ती लाली पसरूं लागली, पू आला, दुर्गंधी सुटली, किंवा बाळ पिईनासें, सुस्त, तापलेलें अथवा गार लागूं लागलें, तर त्याच दिवशीं बालरोगतज्ज्ञांकडे जावें. येथें दिरंगाई कां परवडत नाहीं याचें कारण पुन्हा नाळेच्या घडणींत आहे. ती नीला बेंबीपासून थेट यकृताकडे गेलेली असते, आणि जन्मानंतर कांहीं दिवस ती वाट पुरती बुजलेली नसते. बेंबींतील पू त्या वाटेनें आंत गेला तर रक्तांत विष होतें. कधीं बाळ त्यांतून वांचतें, पण यकृताकडे जाणाऱ्या मुख्य नीलेंत गांठ धरून ती बंद होते; मग कित्येक वर्षें कांहीं कळत नाहीं, आणि शाळेंत जाणारें मूल एके दिवशीं अकस्मात् रक्त ओकतें. हा विकार भारतांतील मुलांत अनोळखी नाहीं, आणि पिकलेली बेंबी हें त्याच्या कारणांपैकीं एक आहे.

किरकोळ गोष्टी थोडक्यांत सांगतां येतील. नाळ पडतांना रक्ताचा एखादा ठिपका दिसणें साहजिक आहे; रक्त थांबत नसेल तर मात्र चिमटा सैल झाला असेल किंवा रक्त गोठण्यांत दोष असेल, आणि जन्मतांच जीवनसत्त्व के याची सुई दिली होती काय हें विचारून घ्यावें. तीन आठवडे होऊनही नाळ पडली नाहीं तर बाळाची रोगप्रतिकारशक्ति तपासावी लागते. नाळ पडल्यावर बेंबींत मटाराएवढा ओला, लाल कोंभ राहिला तर डॉक्टर तो औषधानें सुकवितात. बेंबींतून पाण्यासारखा स्राव सतत येत असेल तर मूत्राशयाशीं जोडणारी गर्भावस्थेंतील नळी उघडी राहिली आहे काय हें पाहावें लागतें. रडतांना बेंबी फुगून वर येते तिला लोक भितात. पण बहुतेक मुलांची ती चार-पांच वर्षांच्या आंत आपोआप बसते. तिच्यावर नाणें ठेवून पट्टा आवळण्याची पद्धत अजून आहे. त्या नाण्यानें बेंबी बसत नाहीं, खालची कातडी मात्र सोलवटते.

नाळ पडून जागा कोरडी होईपर्यंत बाळाला ओल्या मऊ फडक्यानें पुसून काढणें पुरे. पाटावर किंवा पायांवर घेऊन न्हाऊं घालण्याचा थाट नंतर करावा. न्हाऊं घालणाऱ्या बाई घरीं येत असतील तर त्यांना हें पहिल्याच दिवशीं सांगून ठेवावें. त्यांचा हात कुशल असतो आणि त्यांनीं पुष्कळ बाळें वाढविलेलीं असतात, त्यामुळें बेंबींत तेलाचा थेंब सोडून ती अंगठ्यानें दाबण्याची संवय त्यांना एकदम सोडवत नाहीं. तें तेल बाळाच्या पाठीला आणि पायांना खुशाल लावावें. बेंबीपुरतें तें वाटींतच राहूं द्यावें.